रक्ताचा कॅन्सर आणि घरची सेवा



आज आपण एका कठीण दुखण्याची माहिती करून घेऊ. ह्या दुखण्याचे नाव रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर त्याला ल्युकेमिया म्हणतात. आपल्या आईला किंवा बापाला हे दुखणे झाले, आणि डॉक्टर म्हणाले, "हाडातला मगज बदलावा लागेल," तर घरच्या माणसांनी काय करावे? हा आजचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य शाळेत गेले. पण आपल्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या बाजूला घरात मोठे दुखणे आले की लोक हॉस्पिटलचे कागद घेऊन मास्तरांकडे येतात. म्हणून जाणत्या डॉक्टरांकडून आम्ही ह्या गोष्टी समजून घेतल्या. आता तुम्हीही वाचायला शिकला आहात. ही माहिती तुमच्या हाती असली पाहिजे.

रक्त कोठे तयार होते?

आपल्या हाडांच्या पोटात मऊ मगज असतो. रक्त तेथे तयार होते. रक्तात तीन प्रकारचे कण असतात. तांबडे कण सगळ्या अंगाला प्राणवायू पोचवतात. पांढरे कण रोगजंतूंशी लढतात. तिसऱ्या कणांना प्लेटलेट म्हणतात. जखम झाली तर रक्त थांबवण्याचे काम त्यांचे.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये मगजातले पांढरे कण बिघडतात. ते अर्धे-कच्चे राहतात आणि भराभर वाढतात. भाताच्या खाचरात तण माजावे तसे होते. तण माजले की भाताला जागा उरत नाही. तसेच चांगल्या कणांना जागा उरत नाही. मग माणूस पांढरा पडतो. चालताना धाप लागते. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. हिरड्यांतून रक्त येते. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. काहींची हाडे दुखतात.

अशी लक्षणे दिसली म्हणजे कॅन्सरच झाला असे नाही. पण घरी बसू नये. आधी रक्त तपासून घ्यावे. उल्हासनगरला सरकारी सेंट्रल हॉस्पिटल आहे. तेथे किंवा जवळच्या डॉक्टरकडे जावे.

हे दुखणे शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. कोणाच्या पापाने, नजरेने किंवा करणीने होत नाही. म्हणून आजारी माणसाला दोष देऊ नये.

टाटांच्या घरातले दुखणे

हे दुखणे गरीब-श्रीमंत पाहत नाही. सर दोराबजी टाटा हे देशातले मोठे कारखानदार. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ह्याच दुखण्याने वारल्या. घरात संपत्ती होती. पण त्या काळी जगात ह्यावर औषधच नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, ह्या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने एक ट्रस्ट निघाला. नंतर टाटांच्याच ट्रस्टच्या पैशातून १९४१ साली मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल उभे राहिले.

मगज बदलण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेत डॉ. थॉमस ह्यांनी केले. ते १९५७ साल होते. त्यांचे पहिले रोगी वाचले नाहीत. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे यश आले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्याकडे शिकून आलेले एक डॉक्टर म्हणजे डॉ. सुरेश अडवाणी. त्यांचा जन्म १९४७ साली कराचीचा. फाळणीनंतर सिंधमधून जी कुटुंबे इकडे आली, त्यांतलेच त्यांचे एक. आपले उल्हासनगर अशाच कुटुंबांनी वसवले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीवरून वावरतात. त्यांनी २० मार्च १९८३ रोजी टाटा हॉस्पिटलात भारतातले पहिले मगजाचे प्रत्यारोपण केले. रोगी होती नऊ वर्षांची मुलगी. मगज दिला तिच्या भावाने.

आता हे काम अनेक ठिकाणी होते. टाटांचेच एक केंद्र खारघरला आहे. त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. तेथेही मगज बदलतात. म्हणजे हा उपचार आपल्यापासून फार दूर नाही.

मगज बदलतात म्हणजे काय करतात?

आपण शेतकरी माणसे. शेतातलेच उदाहरण घेऊ.

उन्हाळ्यात आपण राब भाजतो. पालापाचोळा पसरून जाळतो. त्याने तणाचे बी मरते. मग पाऊस पडला की त्या जागी भात पेरतो. मगज बदलणे हे जवळजवळ तसेच आहे.

आधी औषधे देऊन रोग आटोक्यात आणतात. ह्यात काही महिने जातात. मग सुमारे आठवडाभर फार कडक औषधे देतात. कधी किरणेही देतात. त्याने रोगाचे उरलेले बी मरते. पण त्याबरोबर जुना मगजही जळतो. हा झाला राब.

मग दुसऱ्याच्या मगजातले चांगले बी रोग्याच्या शिरेतून सोडतात. ह्यात चिरफाड नाही. रक्ताची पिशवी लावतात तशीच पिशवी लावतात. ते बी रक्तातून फिरत आपोआप हाडांत जाऊन बसते. ही झाली पेरणी.

बी रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर शेत उघडे असते. अंगात लढणारे पांढरे कण जवळजवळ नसतात. साध्या सर्दीचा जंतूही जिवावर उठतो. म्हणून रोग्याला निराळ्या, स्वच्छ खोलीत ठेवतात. तोंड येते. केस जातात. जेवण जात नाही. हे सगळे होणार, हे आधी माहीत असले म्हणजे घरची माणसे घाबरत नाहीत.

प्रत्येक रोग्याला हा उपचार लागत नाही. रक्ताच्या कॅन्सरचे पुष्कळ प्रकार आहेत. एका प्रकारात रोज गोळी घेऊन माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात. काही प्रकार नुसत्या औषधांनी बरे होतात. कोणाचे वय, हृदय, मूत्रपिंड हा भार सोसणार नाही, असेही डॉक्टर सांगतात. तेव्हा शेजारच्या गावात कोणाचा मगज बदलला, म्हणून आपणही हट्ट धरू नये.

मगज कोणी द्यायचा?

येथे घरोघरी गोंधळ होतो. म्हणून नीट ऐका.

मगज देण्याघेण्याला रक्तगट एकच लागतो असे नाही. पाहावी लागते ती निराळी खूण. ही खूण प्रत्येकाला अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून मिळते. म्हणून आईची खूण तिच्या सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी पूर्ण जुळू शकते. तसा संभव प्रत्येकाच्या बाबतीत चारांत एक. आणि तिच्या लेकरांशी? लेकरांशी अर्धी तर जुळतेच जुळते. पूर्वी अर्ध्या जुळणीवर भागत नसे. आता खास औषधे देऊन अर्ध्या जुळणीवरही काम करतात.

घरात कोणीच उपयोगी पडले नाही तर बाहेरचा दाता शोधतात. त्यासाठी नोंदणी ठेवणाऱ्या संस्था आहेत. दात्री नावाची संस्था २००९ सालापासून हे काम करते. नाव नोंदवणाऱ्याच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. एवढेच.

समजा, अंबरनाथजवळच्या एका घरी आईला हे दुखणे झाले. थोरला लेक कारखान्यात आहे. धाकटा शेती पाहतो. लेक उल्हासनगरला दिलेली आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "मुलीचा मगज चालेल." लगेच घरात बोलणे सुरू होते.

आई म्हणते, "माझं आता काय राहिलंय? माझ्यापायी पोरीच्या हाडांत सुया नका घालू."

सासू म्हणते, "आमच्या सुनेला पुढं मूल व्हायचंय. ती अधू झाली तर?"

थोरला म्हणतो, "मी घरातला मोठा. माझाच घ्या."

ही सगळी माणसे चांगली आहेत. सगळी मायेनेच बोलतात. पण खरी माहिती नसल्यामुळे दिवस वाया जातात. आणि ह्या दुखण्यात दिवसाला फार किंमत आहे.

खरे काय ते सांगतो. मगज दोन रीतींनी घेतात. पहिली रीत अशी. चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. त्याने मगजातले बी रक्तात उतरते. मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात घेतात. यंत्र बी वेगळे काढते आणि बाकीचे रक्त परत अंगात सोडते. ह्याला काही तास लागतात. दुसऱ्या रीतीत दात्याला भूल देतात आणि कमरेच्या हाडातून सुईने मगज ओढून घेतात. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू निराळा. त्याला कोणी हात लावत नाही.

दात्याचे अंग काही दिवस दुखते. कंबर ठणकते. थकवा येतो. पण दिलेला मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. विहिरीतले पाणी उपसले तरी झऱ्याने पुन्हा भरते, तसे. दाता अधू होत नाही. मगज दिल्याने पुढे मूल होण्यास अडथळा येत नाही. मात्र देताना मुलगी गरोदर असता कामा नये. डॉक्टर आधी दात्याचीही पूर्ण तपासणी करतात.

कोणाचा मगज घ्यावा हे डॉक्टर ठरवतात. त्यात मोठा-धाकटा नाही. लेक-लेकी असा भेद नाही. मगज देणे हा मान नव्हे आणि न जुळणे हा कमीपणा नव्हे. आणि कोणावर जबरदस्ती तर मुळीच करू नये. दात्याने समजून-उमजून, आपल्या मनाने हो म्हटले पाहिजे.

आईलाही सगळे सांगावे. आपल्याकडे मोठ्या दुखण्याचे नाव रोग्यापासून लपवतात. येथे तसे चालत नाही. हा जीव तिचा आहे. सोसायचे तिला आहे. कागदावर सही किंवा अंगठा तिचा लागतो. गुण येईलच असे कोणी डॉक्टर सांगत नाही. काही माणसे बरी होऊन पुन्हा शेतात जातात. काहींचे दुखणे उलटते. काही ह्या उपचारातच दगावतात. हे सगळे ऐकून ती हो म्हणाली तर पुढे जावे. नको म्हणाली तर तिला रागावू नये. डॉक्टरांशी तिचे पुन्हा बोलणे करून द्यावे.

पैशाचे काय?

खर्च लाखांच्या घरात जातो. आपल्या लोकांच्या मनात पहिला विचार येतो, शेत विकावे. थांबा. आधी हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जा. टाटा हॉस्पिटलात असा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलात बसतात. आपल्या रोग्याला काय मिळेल ते त्यांना विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. पंतप्रधानांचा निधी आहे. धर्मादाय ट्रस्ट आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड, डॉक्टरांचे पत्र आणि खर्चाचा अंदाज, हे कागद एका पिशवीत नीट ठेवा. गावातला कोणी शंभर टक्के गुणाची मुळी देतो म्हणाला, तर त्याला एक पैसाही देऊ नका.

रोग्याच्या राहण्याचाही विचार आधी करावा. हॉस्पिटलातून सोडल्यावरही साधारण शंभर दिवस फार जपावे लागते. वरचेवर तपासणीला जावे लागते. रात्री-अपरात्री ताप आला तर लगेच हॉस्पिटल गाठावे लागते. आपल्या लोकलची गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. आणि पावसाळ्यात गाडीचा काय भरवसा? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर माणसे बोटींनी काढावी लागली. अशा दिवशी तापाने फणफणलेली आई घेऊन आपण कसे जाणार? म्हणून ते दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहावे. टाटा हॉस्पिटलच्या रोग्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीची जागा आहे. समाजसेवा विभागात चौकशी केली की असे पत्ते मिळतात.

सेवेची रीत बदला

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सेवा म्हणजे काय? आजाऱ्याला भेटायला जावे. उशाशी बसावे. तोंडावरून हात फिरवावा. घरून काही गोडधोड करून न्यावे. देवाचा अंगारा लावावा. ह्यात माया आहे. पण मगज बदललेल्या माणसाला ह्याच मायेने धोका होतो.

ह्या दुखण्यातली सेवा म्हणजे राखण. पेरलेल्या शेताची राखण करतो तशी. शेताची राखण करणारा पिकाला मिठी मारीत नाही. तो बांधावर उभा राहतो आणि आत कोणाला येऊ देत नाही.

म्हणून जवळ एक-दोन माणसेच राहावीत. त्यांनी पाळी लावून राहावे, नाहीतर तीच आजारी पडतील. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. तोंडाला मास्क लावावा. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने दारातही येऊ नये, मग तो सख्खा लेक का असेना. नातवंडांनी फोनवर बोलावे.

पाणी उकळून द्यावे. अन्न ताजे, नीट शिजलेले, गरम द्यावे. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस, शिळे अन्न नको. फळ द्यायचे तर डॉक्टरांना विचारून, धुऊन, सोलून. घरात कोंबडी, बकरी, मांजर रोग्याजवळ येऊ देऊ नये. भिंतीला ओल आणि बुरशी असेल तर त्या खोलीत ठेवू नये. झाडताना धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावे. अंगारा देवापुढेच राहू द्या. देव रागावणार नाही. झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ताप १००.४ झाला की उद्या पाहू म्हणू नये. त्याच घटकेला हॉस्पिटल गाठावे. अंगावर पुरळ उठले, जुलाब लागले, डोळे पिवळे झाले, तरीही तसेच. कारण नवा मगज कधी कधी पाहुण्यासारखा न राहता घरावरच उलटतो. तो रोग्याच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर चाल करतो. त्यावर औषध आहे. पण वेळेवर कळले पाहिजे.

वेळेवर कसे कळेल? लिहून ठेवल्याने. येथे तुमची अक्षरे कामाला येतात. एक वही करा. रोज तारीख घाला. सकाळी ताप किती, संध्याकाळी किती, कोणती गोळी किती वाजता दिली, किती जेवली, किती वेळा जुलाब झाले, हे लिहा. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. पण गोळ्या पुष्कळ असतात, वेळा निरनिराळ्या असतात, आणि पाळीवरचे माणूस बदलते. रात्रीच्या माणसाला सकाळचे कळायचे तर वही हवी. डॉक्टरलाही ती दाखवा. तुमच्या शंकाही तीत लिहून न्या.

गावाने काय करावे?

गाव भेटीला गेले नाही तर मग गावाने करायचे काय? पुष्कळ आहे.

पहिले काम रक्त देणे. मगज बदलण्याच्या आधी जवळच्या नातलगांचे रक्त रोग्याला देऊ नये असे डॉक्टर सांगतात. तेव्हा रक्त यायचे ते बाहेरच्यांकडूनच. प्लेटलेट तर काढल्यावर पाचच दिवस टिकतात. साठा करून ठेवता येत नाही. म्हणून आज दोघांनी, चार दिवसांनी आणखी दोघांनी, असे पाळीने जावे लागते. गावाने नावांची यादी करावी. कोणी कोणत्या दिवशी जायचे ते लिहून काढावे.

दुसरे काम, मागच्या घराकडे पाहणे. लेक आईजवळ बसली तर तिच्या मुलांना कोण जेवू घालणार? धाकटा मुंबईत अडकला तर त्याची लावणी कोण करणार? आपल्याकडे एकमेकांच्या शेतात राबायची रीत जुनीच आहे. ती अशा वेळी वापरावी. चार घरांनी मिळून त्याचे खाचर लावले, तर ती त्या आजारी आईचीच सेवा झाली.

तिसरे काम, तोंड आवरणे. "अमक्याचा चुलता ह्याच दुखण्याने गेला," असे रोग्याच्या घरी जाऊन सांगू नये.

पुन्हा ताकद यायला महिने लागतात. कोणाला वर्षही लागते. लहान मुलांसारख्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. तेवढा काळ घरच्यांनी आणि गावाने धीर धरावा. चिडचिड केली तर सोसून घ्यावी. अंगणात दहा पावले चालली तरी शाबासकी द्यावी.

एवढे लक्षात ठेवा

१. ताप, फिकेपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग असे दिसले तर रक्त तपासा.
२. रोग्याला खरे सांगा आणि त्याचे म्हणणे ऐका.
३. मगज दिल्याने दाता अधू होत नाही. पण दात्यावर जबरदस्ती करू नका.
४. शेत विकण्याआधी समाजसेवा विभागात जा.
५. हात धुवा. गर्दी टाळा. ताप १००.४ झाला की थांबू नका.
६. रोज वही लिहा.
७. गावाने भेटीला जाऊ नये. रक्त द्यायला जावे.